जखम, अर्ज आणि टक्केवारी

१

‘व्यावहारिक मराठी’च्या तासाला आम्ही दरवर्षी अर्जलेखन शिकवतो. दिनांक कुठे लिहायचा, ‘प्रति’ कुठे, विषय कसा थोडक्यात मांडायचा, ‘महोदय’नंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. नोकरीचा अर्ज, रजेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज असे तीन-चार नमुने फळ्यावर लिहून दिले की घटक संपतो. अर्ज हाही एक मजकूर आहे, त्यालाही परंपरा आहे आणि त्यातही कोणीतरी ‘मी’ बोलत असतो, हा विचार इतकी वर्षे शिकवूनही माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला २०२३च्या पावसाळ्यात, आणि तोही वर्गात नव्हे.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी शिकवतो. द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी दुपारी आपल्या आईला घेऊन विभागात आला. आईच्या हातात तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला एक छापील नमुना होता : अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी करावयाचा अर्ज. खरे तर २०२१च्या जूनपासून हे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे लागते. पण सेतू केंद्रातला मुलगा म्हणाला होता, ‘आधी कागदावर नीट लिहून आणा, मग मी भरतो.’ म्हणून ती दोघे ‘नीट लिहिणाऱ्या’ माणसाकडे आली होती.

त्या मावशींच्या उजव्या हाताची चार बोटे कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. अंगठा तेवढा शिल्लक होता. दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्याच्या जनावरांसाठी वैरण कापताना हे घडले, त्याला अडीच वर्षे होत आली होती. प्रमाणपत्र मिळाले की संजय गांधी निराधार अनुदान योजनेत नाव घालता येईल, असे त्यांना गावात कोणीतरी सांगितले होते.

आम्ही पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, वय, पत्ता. मग ‘ओळखीची खूण’ हा रकाना आला. मी विचारले, तशी त्यांनी उजवा हात पुढे केला. ‘ही की.’ मी ते लिहिले, आणि पुढच्याच रकान्यात ‘अपंगत्वाचे स्वरूप’ विचारलेले पाहून खोडले. एकच गोष्ट एकदा खूण म्हणून आणि एकदा उणीव म्हणून लिहायची हे मला जमेना. शेवटी मानेवरचा तीळ लिहिला.

‘व्यवसाय’ या रकान्याशी आम्ही बराच वेळ अडलो. मावशी अजूनही कामाला जात होत्या. खुरपे धरता येत नव्हते, पण डाव्या हाताने कापूस वेचत होत्या. दिवसाकाठी इतर बायांच्या निम्मा होई, मजुरीही तशीच मिळे. ‘शेतमजुरी’ लिहावे तर तपासणाऱ्याला वाटेल, हिला काम करता येते. ‘काही नाही’ लिहावे तर ते खोटे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना ते अपमानाचे वाटत होते. ‘काही नाही कसं? करते की मी,’ त्या म्हणाल्या. ज्या माणसाने अडीच वर्षे आपली असमर्थता जगापासून झाकण्यात घालवली, त्याला तीच असमर्थता आता स्पष्ट अक्षरांत मांडायची होती. अर्जाचा सगळा पेच त्या एका रकान्यात होता.

शेवटी सहीची जागा आली. तेथे ‘सही किंवा डाव्या हाताचा अंगठा’ असा पर्याय होता. मावशी सही करत असत. लग्नानंतर साक्षरता मोहिमेच्या रात्रीच्या वर्गात त्या ती शिकल्या होत्या. अपघातानंतर पेन धरता येईना, तेव्हापासून त्या पुन्हा अंगठ्यावर आल्या. शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकवताना त्यांनी मुलाकडे पाहिले नाही.

जाताना मी त्यांना सांगितले, की प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के असे आले पाहिजे, तरच पुढचे सारे. त्या थोडा वेळ हाताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सर, चाळीस म्हंजे किती बोटं?’

मला उत्तर देता आले नाही. पुढील मजकूर हा त्या उत्तराचा शोध आहे. तो घेताना माझ्या लक्षात आले, की आपल्याकडे जखमेचे मोल ठरवण्याचा इतिहास बराच जुना आहे. अर्जाचा त्या मानाने अलीकडचा आहे. आणि टक्क्यांचा तर जेमतेम शंभर वर्षांचा आहे.

२

मराठीच्या विद्यार्थ्याला या इतिहासाचे पहिले पान शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आपण बखर वाङ्मयाचा नमुना म्हणून शिकवतो. अफजलखानाच्या वधाचा प्रसंग, त्यातील नाट्य, निवेदनाचा वेग यांवर प्रश्न विचारतो. त्या प्रसंगानंतर येणाऱ्या हिशेबाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. युद्ध संपल्यावर महाराजांनी काय केले ते सभासद सांगतो : पडलेल्यांच्या मुलांना चालवले, मुलगा नसेल त्याच्या बायकोला निम्मे वेतन लावून दिले, आणि जखमींना जखमेकडे पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले.

बखर प्रसंगानंतर पस्तीसेक वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. तिच्यातील प्रत्येक आकडा जसाच्या तसा घडलेला व्यवहार मानावा असा माझा आग्रह नाही. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरच्या एका मराठी लेखकाला आदर्श राजा कसा वाटत होता, हे तर त्यातून निश्चित कळते. तो जखमेकडे पाहतो. मोजमाप इथेही आहे, कारण दोनशे आणि पंचवीस यांत अंतर आहे. परंतु ते डोळ्यांनी केलेले मोजमाप आहे. आणि ज्याला मिळते त्याने काही मागितलेले नाही. त्याला स्वतःच्या शरीराचे वर्णन करावे लागलेले नाही. जखम रणांगणावर, सर्वांदेखत झालेली आहे. तिला पुराव्याची गरज नाही.

पेशवाईत हीच रीत ‘बालपरवेशी’ या नावाने पुढे चाललेली दिसते. लढाईत कामी आलेल्यांच्या मागे राहिलेल्यांच्या उदरनिर्वाहाची तजवीज असा तिचा अर्थ. पण या सगळ्याला एक मोठी मर्यादा होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही तजवीज सेवेचा मोबदला होती. ज्याची जखम राज्याच्या कामी झाली त्याच्यासाठी ती होती. ज्याचा हात घाणीत किंवा चरकात सापडला, जो जन्मतःच आंधळा होता, त्याच्याकडे पाहण्याची जबाबदारी राज्याची नव्हती. ती कुटुंबाची, गावाची आणि शेवटी रस्त्याची होती.

त्या रस्त्यावरचा आवाजही मराठी साहित्यात आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी जी भारुडे रचली त्यांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही भारुडे आहेत. त्यांत हे लोक प्रथमपुरुषी बोलतात. भारुडाचा अर्थ अर्थातच आध्यात्मिक आहे; तेथले आंधळेपण ज्ञानाच्या अभावाचे आणि पांगळेपण साधनेच्या अभावाचे रूपक आहे. परंतु रूपक चालते तेव्हा त्याखालचे वास्तव श्रोत्यांच्या ओळखीचे असावे लागते. वाटेवर बसून, आपल्या शरीराची उणीव सांगून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे दान मागणारा माणूस एकनाथांच्या श्रोत्यांना रोज दिसत होता. ‘मी असा आहे, म्हणून मला द्या’ ही वाक्यरचना त्याची होती. आजच्या अर्जाची मूळ वाक्यरचना हीच आहे. फरक एवढाच, की वाटेवरचा माणूस ते गाऊन सांगत होता आणि ऐकणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत होता.

‘अर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ‘अर्ज’ म्हणजे वरिष्ठापुढे मांडणे. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘अर्जदास्त’ भेटते. तिचे स्वरूप पत्राचे होते. मायना ठरलेला, शेवट ठरलेला. पण मधला मजकूर ज्याचा त्याचा. लिहिणारा कारकून असला तरी गाऱ्हाणे सांगणाऱ्याचे असे. या मधल्या मोकळ्या जागेचे पुढे काय झाले, हा अर्जाच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

३

रणांगणाऐवजी कामाच्या जागी झालेली जखम ही राज्याने दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, ही कल्पना महाराष्ट्रात गिरण्यांबरोबर आली. मुंबईत पट्ट्यांवर चालणारी यंत्रे होती, आणि त्यांत सापडणारे हात होते. १८८१च्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याची आणि अपघातांची खबर देण्याची तरतूद केली. जखमीचे पुढे काय, याविषयी तो गप्प होता.

ते मौन मोडले एका अर्जाने. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे जाण्यासाठी तेथे एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांची नावे पडली. मागण्या पाच होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. या चार मागण्या इतिहासाच्या पुस्तकांत आढळतात. पाचवीकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

या मागणीचे शब्द पाहण्यासारखे आहेत. तीत ‘किती अधू’ असे विचारलेले नाही. माणूस अधू झाला, त्याचा निर्वाह थांबला, तर निर्वाहाची सोय व्हावी. इतका सरळ तो न्याय आहे. आणि हा अर्ज ‘मी’चा नसून ‘आम्ही’चा आहे. त्यावर नाव असलेल्यांपैकी बहुतेकांचे हात तेव्हा धडधाकट असतील. उद्या आपलाही हात जाऊ शकतो, हे जाणून त्यांनी तो केला होता. याचनेची भाषा आणि हक्काची भाषा यांतील अंतर मराठी माणसाने कधी ओलांडले असे कोणी विचारले, तर मी या पाचव्या मागणीकडे बोट दाखवीन.

तिला कायद्याचे रूप यायला एकोणचाळीस वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४पासून अमलात आला. निर्वाहाची मागणी मान्य झाली, पण मान्य होताना ती गणितात बदलली. कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात शरीराचे भाग आणि त्यांसमोर टक्के अशी यादी होती. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर ७०, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यापासून किंवा वर, ६०. दोन्ही कानांचे ऐकणे कायमचे गेले तर ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. तर्जनीखेरीज कोणतेही बोट ५.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ही यादी एकदा शांतपणे वाचावी. आपल्याकडे स्तोत्रांत देवाचे आणि शृंगारकाव्यात नायिकेचे नखशिखान्त वर्णन करण्याची परंपरा आहे. हेही एक नखशिखान्त वर्णनच आहे. त्यातील प्रत्येक अवयव मात्र नसलेला आहे. टक्के कमाईच्या क्षमतेचे होते. कायमचे पूर्ण असमर्थत्व आले तर प्रौढ कामगाराला बेचाळीस महिन्यांची मजुरी किंवा साडेतीन हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळायची; अंशतः असेल तर तिचा तेवढ्या टक्क्यांचा हिस्सा. म्हणजे तर्जनी गेली तर फार तर सव्वाचार महिन्यांची मजुरी. डावखुऱ्या कामगाराचा डावा हात गेला तर काय, हा प्रश्न यादीत नव्हता.

तरीही या कायद्याची बाजू घ्यायला हवी. सभासदाच्या राजाने जखमेकडे पाहिले ते त्याच्या मर्जीने. गिरणीमालक पाहीलच असे नव्हते, आणि पाहिले तरी दयेने पाही. यादीने ही मर्जी काढून घेतली. तर्जनीचे दहा टक्के हे फार थोडे होते, पण ते मालकाला नाकारता येत नव्हते. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाला न्याय मिळायचा तर त्याची जखम त्याच्या नावापासून वेगळी करून मोजावी लागते. टक्केवारीच्या क्रूरतेविषयी बोलताना तिने दिलेले हे संरक्षण विसरता कामा नये.

ही यादी पुढे बदलत गेली. मूळ यादीप्रमाणे मावशींच्या हाताचा हिशेब केला तर दहा आणि तीन वेळा पाच, असे पंचवीस होतात. नंतरच्या सुधारित यादीत एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के असे स्वतंत्र कलमच आले. हा आकडा लक्षात ठेवावा.

४

मोजण्याची आणखी एक धारा याच काळात सुरू होती. १८७२पासून १९३१पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी अशी वेगळी मोजदाद होत असे. ती त्यांना काही देण्यासाठी नव्हती. प्रजेत काय काय आहे हे जाणण्यासाठी होती. १९४१ साली ती थांबली, १९८१ साली पुन्हा झाली, १९९१ साली गळली आणि २००१पासून पुन्हा आली. २००१च्या गणनेत भारतात सुमारे २ कोटी १९ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, २०११च्या गणनेत सुमारे २ कोटी ६८ लाख. प्रश्न कसा विचारला यावर ‘असणाऱ्यांची’ संख्या अवलंबून असते, हे या येण्याजाण्यावरून ध्यानी येते.

महाराष्ट्राने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. सेवेचा मोबदला नाही, अपघाताची भरपाई नाही. केवळ निराधार आहे म्हणून राज्याने दरमहा काही द्यावे, हे तिचे तत्त्व. एकनाथांच्या वाटेवरच्या माणसाकडे राज्याने पहिल्यांदा पाहिले, असे म्हणायला हरकत नाही. विधवा, निराश्रित वृद्ध, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्याबरोबर अपंगही तीत आले. २०२३ साली हे अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले आणि २०२५ साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्यात आले.

पण अपंग कोण? ते १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने ठरवले. संसदेने केलेला हा पहिला व्यापक कायदा. त्याने सात प्रकार सांगितले आणि व्याख्या अशी केली, की वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रानुसार यांपैकी कोणतेही अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी नसलेली व्यक्ती म्हणजे अपंग व्यक्ती. चाळीसच का, हे व्याख्येत सांगितलेले नाही; व्याख्या कारणे देत नसतात. पण येथे एक सूक्ष्म बदल झाला होता. १९२३ची टक्केवारी ‘हा माणूस आता किती कमी कमावू शकेल’ असे विचारत होती. नवी टक्केवारी ‘याचे शरीर किती उणे आहे’ असे विचारते. पहिल्या प्रश्नात निदान काम होते, मजुरी होती, जग होते. दुसऱ्यात फक्त देह उरला.

मावशींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. भरपाईच्या कायद्यात ज्या हाताचे पन्नास टक्के होतात, त्याच हाताचे प्रमाणपत्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाळीससुद्धा भरत नाहीत. हात एकच, मोजणाऱ्या दोन पट्ट्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

२००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली आणि त्यातून २०१६चा नवा कायदा आला. प्रकार सातांचे एकवीस झाले. त्याची व्याख्या वाचून मला आनंद झाला होता : दीर्घकालीन उणीव आणि समोरचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून, इतरांच्या बरोबरीने समाजात सहभागी होण्यात बाधा येते ती व्यक्ती. म्हणजे उणीव केवळ देहात नाही, ती देह आणि जग यांच्यामध्ये आहे. उजव्या हाताने धरण्याचे खुरपे, दोन हातांच्या वेगावर ठरलेली मजुरी, पेन धरून करायची सही, हे सारे तिच्यात आले. पण तोच कायदा पुढच्या एका व्याख्येत चाळीस टक्क्यांकडे परत जातो, आणि प्रत्यक्ष लाभ बहुतांशी त्या दुसऱ्या दारातून मिळतात. पहिली व्याख्या माणसाला ओळखते. दुसरी त्याला आत घेते किंवा बाहेर ठेवते.

५

आता त्या छापील नमुन्याकडे पुन्हा पाहू. त्याच्या भाषेत दीडशे वर्षांचे थर आहेत आणि ते आपल्यासारख्या शब्दांच्या अभ्यासकांनी वाचायला हवेत.

पहिला थर नावांचा. आंधळा, पांगळा, थोटा, लुळा हे शब्द बोलीत होते. ते नेमके होते आणि बोचरेही होते. त्यांच्या जागी ‘अपंग’ हा एकच सामासिक शब्द आला. मग ‘विकलांग’ आला. २०१५च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘दिव्यांग’ सुचवला आणि तो सरकारी झाला. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. शब्द अधिकाधिक सन्मानाचे होत गेले. रकाने मात्र तेच राहिले. मावशींच्या तोंडी यांपैकी एकही शब्द नव्हता. त्या म्हणत, ‘माझा हात गेलाय.’ त्यात नाम नाही, विशेषण नाही. एक क्रियापद आहे. एक घटना आहे.

दुसरा थर छायाचित्राचा. सरकारी परीक्षांसाठी पूर्वी जो प्रमाणपत्राचा नमुना असे, त्यात अपंगत्व दिसेल असे छायाचित्र लावण्याची सूचना होती. पायाचे व्यंग असेल तर ते दाखवून स्टुडिओत उभे राहायचे, आणि तो फोटो कागदाबरोबर टेबलाटेबलांवरून फिरायचा. २००९च्या अखेरीस नियम दुरुस्त झाले तेव्हा नव्या नमुन्यात कंसात शब्द आले : फक्त चेहरा दिसेल असे. कायद्याच्या भाषेत एवढीशी दुरुस्ती. पण माझ्या मते गेल्या काही दशकांतील मोजक्या सुसंस्कृत कंसांपैकी तो एक आहे.

तिसरा थर प्रतिज्ञेचा. शेवटी अर्जदार लिहून देतो, की वरील माहिती खरी आहे, काहीही लपवलेले नाही, आणि काही चुकीचे आढळल्यास मिळालेले लाभ परत घेतले जाण्यास मी पात्र राहीन. संपूर्ण अर्जात हीच पूर्ण वाक्ये आहेत. बाकी सगळे रकाने आहेत आणि रकान्यांना क्रियापद नसते. म्हणजे अर्जदाराचा ‘मी’ सलगपणे बोलतो तो फक्त स्वतःवरच्या संशयाला उत्तर देताना. जुन्या अर्जदास्तीत मायना सरकारचा होता आणि मजकूर माणसाचा. येथे मजकूरही सरकारचाच आहे. माणसाने फक्त गाळलेल्या जागा भरायच्या आहेत.

हा मोकळा मजकूर कुठे सापडतो? साहित्यात सापडतो. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्या ग्रंथालयांत आहे. त्या पुस्तकात एका शरीराला जे सविस्तर सांगता आले, ते अर्जाच्या कोणत्याही रकान्यात मावणारे नाही. पण आत्मकथन लिहिणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. अर्ज मात्र सर्वांना करावा लागतो.

६

मावशींचे प्रमाणपत्र आले. आकडा चाळिसाच्या आत होता. तपासणाऱ्यांनी नियमाप्रमाणेच मोजले होते; त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मग मी त्यांना भरपाईच्या कायद्याविषयी सांगितले. यंत्राच्या साहाय्याने चालणारे शेतीकाम त्यात येते. पण दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि ती मुदत उलटली होती. उशिराला सबळ कारण दाखवता येते, हेही मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. दवाखान्याचा खर्च त्या शेतमालकानेच केला होता आणि अजूनही त्याच शेतात कापूस वेचायचा होता. १८८४ साली साडेपाच हजारांनी मिळून जे मागितले, ते एकटीने मागणे किती अवघड असते हे मला त्या दिवशी कळले.

एक वाट उरली होती. प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येते. त्याचा नियम काढून वाचला तेव्हा मी चकित झालो. तेथे रकाने नव्हते. थोडक्यात पार्श्वभूमी आणि अपिलाची कारणे लिहावीत, एवढेच म्हटले होते. सगळ्या प्रक्रियेत माणसाला स्वतःची वाक्ये लिहिण्याची ही एकच जागा होती, आणि तिथपर्यंत पोहोचायचे तर आधी नाकारले जावे लागत होते.

मी कोरा कागद घेतला. मावशी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. भाकरी थापता येत नाही, एका हाताने थापली तर कडा तुटतात. धुणे पिळता येत नाही. खुरपे धरता येत नाही, म्हणून निंदणीला कोणी बोलावत नाही. बोंडातला कापूस डाव्या हाताने ओढताना झाड धरायला दुसरा हात लागतो. लेकीची वेणी घालता येत नाही. सही करता येत नाही. आधी येत होती. मी कुठे ‘अक्षमता’ असा शब्द घातला की त्या थांबत आणि विचारत, ‘हे काय लिव्हलं?’ मी खोडून त्यांचा शब्द लिहीत असे. दीड पान झाले. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला तो सर्वांत चांगला अर्ज असावा, आणि त्यात माझे जवळजवळ काहीच नव्हते.

अपिलाचा निकाल आला. पुन्हा मोजणी झाली होती. आकडा चाळिसाच्या आतच राहिला. भाकरी, वेणी आणि सही यांना पट्टीवर जागा नव्हती.

त्या वर्षापासून अर्जलेखनाच्या तासाला मी हा छापील नमुना वर्गात वाटतो. विद्यार्थी तो भरतात, ‘व्यवसाय’पाशी अडतात, आणि मग मी त्यांना विचारतो, की या कागदावर कोण बोलते आहे. मला स्वतःला याचे संपूर्ण उत्तर अजून सापडलेले नाही. रकान्यांशिवाय कोट्यवधी लोकांना न्याय देता येणार नाही, हे मला समजते. पण रकान्यांच्या शेवटी दोन ओळींची मोकळी जागा ठेवता आली असती, आणि ती मोजणाऱ्याने वाचावी असा नियम करता आला असता, असे मला वाटते. सभासदाच्या बखरीत जे ‘पाहणे’ आहे, त्याला आज एवढीच जागा पुरे झाली असती.

अपिलाची मूळ प्रत कार्यालयात जमा झाली, त्याआधी मावशींनी तिची झेरॉक्स मागून घेतली होती. निकाल कळल्यावर मी मुलाला म्हणालो, की तो कागद आता काही कामाचा नाही. तो म्हणाला, ‘मीही तेच सांगितलं. पण आई टाकू देत नाही.’ रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या पिशवीत तिने तो घडी करून ठेवला आहे. का, असे त्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, ‘राहू दे. माझं म्हणणं हाय त्यात.’